ई-मेलची चावी कोणाच्या खिशात?

दुकानाची पाटी रंगवून घेताना आपले व्यापारी बांधव चारदा विचार करतात. नाव कोणते, अक्षर केवढे, फोन नंबर कोणत्या कोपऱ्यात, सगळे जातीने पाहतात. त्याच पाटीवर आणि बिलबुकावर छापलेला ई-मेलचा पत्ता कोणी काढून दिला, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे आणि ती पेटी शेवटची कधी उघडली, असे विचारले तर मात्र बरेचजण एकमेकांकडे पाहू लागतात.

भातसानगर, खर्डी, शहापूर, किन्हवली ते मुरबाड या आमच्या पट्ट्यात वेल्डिंगवाले, फर्निचरवाले, शिंपी, गॅरेजवाले, भंगारवाले अशा अनेकांशी या विषयावर आमचे बोलणे झाले. उत्तरे साधारण तीन प्रकारची मिळाली. 'भाच्याने काढून दिला होता, तो आता सौदीत आहे.' 'झेरॉक्सच्या दुकानात काढला, त्यांच्याकडेच लिहिलेला असेल.' आणि सर्वांत जास्त ऐकू आलेले तिसरे, 'ते आमचे टॅक्सवाले बघतात.' म्हणजे दुकान आपले, माल आपला, उधारी आपली, आणि सरकारी टपाल येण्याची पेटी दुसऱ्याच्या घरी. धरण आमच्या दारात आणि पाणी मुंबईला, उन्हाळ्यात आम्ही टँकरच्या रांगेत, हा अनुभव शहापूर तालुक्याला नवा नाही. पण ते दुखणे आपल्या हातातले नव्हते. हे आहे.

कोणती ई-मेल सेवा चांगली, असा प्रश्न आम्हाला अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर पुढे देतोच. पण आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, पेटीची चावी कोणाच्या खिशात आहे?

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण कायद्यात आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. त्या कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस कशी बजावावी याचे मार्ग दिले आहेत. हाती देणे, टपालाने किंवा कुरिअरने पाठवणे, पोर्टलवर टाकणे, आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवणे. या शेवटच्या मार्गाकडे नीट पाहा. मेल गेला की नोटीस बजावली, असे तो सांगतो. तुम्ही पेटी उघडली की नाही, हे त्यात कोठेही विचारलेले नाही. 'साहेब, मला काही मिळालेच नाही' हे वाक्य पोस्टमनच्या काळात चालून जात असे. आता ते चालवणे अवघड झाले आहे.

समजा, काही महिन्यांची विवरणपत्रे भरायची राहिली. अधिकारी 'तुमची नोंदणी रद्द का करू नये' अशी नोटीस काढतो. तिला उत्तर देण्यास सात कामकाजाचे दिवस मिळतात. आपला पत्ता म्हणून टॅक्सवाल्यांचा मेल दिलेला असेल आणि त्यांच्या पेटीत दीडशे दुकानांचे टपाल येत असेल, तर तुमची नोटीस त्या ढिगात आठ दिवस पडून राहू शकते. यात त्यांची लबाडी असते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक कर सल्लागार सोय म्हणून स्वतःचा पत्ता देतात, कारण ओटीपीसाठी दर वेळी तुम्हाला फोन करावा लागत नाही. पण नोंदणी रद्द झाली तर तुमच्या बिलावर समोरच्याला कराची वजावट मिळत नाही, आणि मुरबाडच्या एमआयडीसीतला कारखाना असो की भिवंडीचा घाऊक व्यापारी, तो तुमचा माल घेणे थांबवतो. ती पुन्हा सुरू करून घेण्यासाठी अर्ज करायला ९० दिवसांची मुदत असते, पण तोवर धंदा कोणाच्या भरवशावर चालायचा?

म्हणून आधी पोर्टलवर आपल्या नावापुढे कोणता मेल आणि कोणता मोबाइल आहे ते पाहून घ्या. तो बदलण्यासाठी अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. लॉग-इन करून दुरुस्ती करता येते आणि ओटीपी टाकला की काम होते. ज्यांचा जुना सल्लागार सोडून गेला आहे आणि पासवर्डही हाती नाही, त्यांना मात्र कागदपत्रे घेऊन आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे जावे लागेल. एक फेरी पडेल, पण ती घाला. उद्यम नोंदणीचेही तसेच. १ जुलै २०२० पासून चालू असलेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. तरीही पैसे घेऊन ती करून देणारे भेटतात आणि अर्जात स्वतःचाच मेल टाकून मोकळे होतात. मग प्रमाणपत्राची प्रत हवी असली की पुन्हा त्यांच्याच दारात उभे राहायचे!

आता सेवांकडे वळू. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केले. त्या काळी मेल वाचायला आपल्या नावाचे इंटरनेट खाते लागे आणि टपाल त्याच संगणकावर उतरे. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया या बंगळुरात वाढलेल्या तरुणाने जॅक स्मिथ या जोडीदाराबरोबर अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. जगातल्या कोणत्याही संगणकावर बसा, नाव आणि पासवर्ड टाका, आपली पेटी उघडते, ही त्यातली नवी गोष्ट. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ही सेवा विकत घेतली. आज तीच आउटलुक या नावाने चालते. मुंबईतून अजित बालकृष्णन यांनी १९९६ मध्ये रेडिफ काढले आणि रेडिफमेलचा पत्ता ही आपल्याकडे काही काळ प्रतिष्ठेची गोष्ट होती. कल्याणच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मेल पाहणाऱ्या पिढीला ते आठवत असेल. हॉटमेलच्या पेटीत तेव्हा अवघी २ एमबी जागा असे. आजच्या फोनने काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने १ जीबीची जीमेल जाहीर केली, तेव्हा तारीख पाहून लोकांना ती थट्टा वाटली होती.

आज आमच्या भागात दहापैकी किती जणांकडे जीमेल आहे हे मोजायचीही गरज नाही. अँड्रॉइड फोन घेतला की दुकानदारच ते काढून देतो. शोधण्याची सोय, स्पॅम अडवण्याची ताकद आणि मराठी लिहिण्या-वाचण्याची सुविधा या तिन्हींत ती सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यात एक फट आहे आणि कारागिरांनी ती ओळखून ठेवावी. मोफत मिळणारी १५ जीबी जागा केवळ मेलसाठी नसते. फोटो, गुगल ड्राइव्ह आणि मेल यांची ती एकत्र कोठी आहे. १ जून २०२१ पासून फोटोंना असलेली जुनी सूट संपली आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच कोठीत मोजला जाऊ लागला. परिणाम काय? घरातल्या लग्नाचे व्हिडिओ, रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे आणि मुलांचे फोटो यांनी कोठी भरते, आणि भरली की मेल येणेच बंद होते. पाठवणाऱ्याकडे तो परत जातो. तुम्हाला कळतही नाही, कारण पेटी रिकामी दिसणे आणि टपाल नसणे या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. तेव्हा दुकानाचे खाते आणि घरच्या फोटोंचे खाते वेगळे ठेवा. एका फोनवर दोन्ही खाती चालतात. एवढी एक गोष्ट केली तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.

आउटलुकमध्ये मेलची १५ जीबी जागा वेगळी आणि फाइलींची ५ जीबी वेगळी असते, त्यामुळे हा गोंधळ कमी. एखाद्या कंपनीची जाहिरात नको असेल तर तिचे सगळे जुने मेल एका झटक्यात झाडून काढण्याची सोयही तिच्यात चांगली आहे. ज्यांचे काम एक्सेलच्या हिशेबावर चालते त्यांना ती सोयीची वाटेल. याहूबद्दल आम्ही फारसे उत्साही नाही. २०१३ मध्ये १ टीबी जागा देऊ म्हणणाऱ्या या कंपनीने २०२५ मध्ये ती २० जीबीवर आणली. त्याच २०१३ सालच्या चोरीत तिच्या सर्वच्या सर्व म्हणजे सुमारे ३०० कोटी खात्यांची माहिती गेली, हे कंपनीने २०१७ मध्ये कबूल केले. बारा महिने खाते उघडले नाही तर ते बंद करण्याचाही तिचा नियम आहे. रेडिफमेलचे जुने पत्ते ज्यांच्या पाटीवर आहेत त्यांनी घाबरून ते टाकून देऊ नयेत. २०२४ मध्ये इन्फिबीम ॲव्हेन्यूज या कंपनीने रेडिफमधला मोठा हिस्सा घेतला आणि सेवा चालू राहिली. मात्र नवा पत्ता काढायचा तर तो तिथे काढावा असे आम्ही सांगणार नाही.

राहिली झोहो. श्रीधर वेंबू यांच्या चेन्नईच्या या कंपनीची मेल सेवा २००८ पासून आहे आणि २०२३ पासून केंद्र सरकारच्या कार्यालयांचे टपालही तिच्याकडे गेले आहे. तिचा उपयोग आहे तो आपल्या दुकानाच्या नावाचा पत्ता हवा असणाऱ्यांना. वर्षाला काही शे रुपये भरून दुकानाचे नाव नोंदवायचे आणि त्या नावावर मेल चालवायचा. पाच जणांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी, अशी तिची मोफत योजना आहे. अटी बदलत असतात, म्हणून घेण्यापूर्वी वाचाव्यात. याचा खरा फायदा रुबाबाचा नाही. नाव तुमच्या मालकीचे असल्याने उद्या सेवा पसंत पडली नाही तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येते. जीमेल किंवा याहू सोडलेत की पत्ताही सुटतो आणि मग पाटी, बिलबुक, बँक, जीएसटी सगळीकडे दुरुस्ती. मात्र नावाचे वार्षिक शुल्क भरायला विसरलात तर दुकानाची पाटीच उतरते, हेही लक्षात असू द्या. देवनागरी अक्षरांतला ई-मेल पत्ताही आज मिळतो. कौतुकाची गोष्ट आहे, पण अनेक पोर्टले तो स्वीकारत नाहीत, म्हणून तूर्त धंद्यासाठी नको.

आमचा कल विचाराल तर एकट्या कारागिराने दुकानासाठी स्वतंत्र जीमेल किंवा आउटलुक घ्यावे, आणि जिथे दोन-तीन भागीदार किंवा मुनीम आहेत तिथे स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा. डोळखांबकडच्या डोंगरी गावांत जिथे रेंज येते-जाते, तिथे मेल वेबसाइटवर न उघडता ॲपमध्येच वाचावा. अलीकडचे टपाल ॲप स्वतःजवळ ठेवून घेते. जीमेलचे हलके, साधे पान मंद इंटरनेटवरही उघडत असे, ते गुगलने २०२४ मध्ये बंद केले.

चावी हाती आली, सेवा ठरली. तरी पेटीत चार हजार न वाचलेले मेल पडले असतील तर उपयोग शून्य. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे गादीमागे तारेचा आकडा असे. आलेला कागद त्यात खुपसायचा, वर्षाखेरीला तार काढायची. आजची आपली इनबॉक्स तो आकडाच आहे, फक्त त्यात जाहिरातीही खुपसल्या जातात. तिला शिस्त लावायची तर खूप कप्पे करू नका. हौशीने पंचवीस फोल्डर केले की कोणता कागद कुठे टाकला ते आठवत नाही. आमच्या मते चार पुरेत. कर व सरकारी, बँक, ऑर्डर, आणि येणे. यातला 'येणे' हा कप्पा महत्त्वाचा. ज्या बिलाचे पैसे आले नाहीत ते त्यात, आले की बाहेर. दर जुम्म्याला दुकान उघडण्यापूर्वी किंवा तुमच्या सुट्टीच्या दिवशी तेवढा एक कप्पा उघडला तरी कोणाला फोन करायचा ते समोर येते.

फोल्डर आणि लेबल यांतला फरकही समजून घ्यावा. आउटलुकमधले फोल्डर म्हणजे फाइल, कागद एका वेळी एकाच फाइलीत राहतो. जीमेलचे लेबल म्हणजे कागदाला लावलेली चिठ्ठी. एकाच बिलाला 'ऑर्डर' आणि 'येणे' अशा दोन चिठ्ठ्या लावता येतात. आणि हे काम रोज हाताने करायचे नसते. अमुक पत्त्यावरून आलेले टपाल आपोआप अमुक कप्प्यात टाक, असा नियम एकदा करून ठेवता येतो. जीमेलमध्ये त्याला फिल्टर म्हणतात. फोनच्या ॲपमध्ये तो करता येत नाही, संगणकावर बसावे लागते. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला एक संध्याकाळ बसवा आणि जीएसटी, उद्यम, बँक आणि नेहमीची पाच गिऱ्हाइके यांचे नियम करून घ्या. त्यातच 'स्पॅममध्ये कधीही टाकू नको' अशी खूण करण्याची जागा आहे. ती विसरू नका, कारण स्पॅममध्ये गेलेला मेल जीमेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकते. सात दिवसांच्या नोटिशीसाठी हा हिशेब किती महागात पडेल ते सांगायला नको.

आणखी एक गैरसमज वारंवार कानी येतो, 'मेल होता, बोट लागले आणि गेला.' जीमेलवर मेल बाजूला सरकवला की साधारणतः तो पुसला जात नाही, नुसता इनबॉक्समधून उचलून मागे ठेवला जातो. 'सर्व मेल' या यादीत तो सापडतो. तसेच जीमेल टपालाचे आपल्या मनाने मुख्य, जाहिराती, अपडेट असे भाग पाडते आणि फोनची घंटी बहुधा मुख्य भागासाठीच वाजते. बँकेचे आणि सरकारी टपाल पुष्कळदा अपडेटमध्ये जाऊन बसते. ही विभागणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. छोट्या दुकानदाराने ती बंदच करावी असे आमचे मत आहे.

'पण सगळे व्हॉट्सॲपवरच होते, मेल हवा कशाला?' हा आक्षेप आम्हाला भेटलेल्या तरुण दुकानदारांनी घेतला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाव विचारणे, नमुन्याचा फोटो पाठवणे, ट्रक कुठे आला ते कळवणे यासाठी व्हॉट्सॲपच बरे. पण मोठ्या रकमेचे काम ठरले की दर, नग, मुदत आणि पैसे कधी देणार, एवढ्या चार ओळींचा मेल टाका आणि समोरच्याकडून 'मान्य' एवढे उत्तर मागवा. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलवर ठरलेला सौदा बंधनकारक मानला होता, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसतानाही. ज्या कारागिराची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे त्याला २००६ च्या कायद्याने आणखी बळ दिले आहे. लेखी मुदत ठरलेली असेल तर ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे लागतात ते ऑर्डरचे आणि बिलाचे कागद. ते मेलच्या 'ऑर्डर' कप्प्यात तारखेसह पडलेले असले की फोन चोरीला गेला तरी बिघडत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. त्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती केवळ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. 'आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात टाका' असा मेल ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने आला, तर मेलला उत्तर देऊ नका. तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावा आणि आवाज ओळखून खात्री करा. जीएसटीच्या नावाने आलेल्या मेलमधल्या दुव्यावर बोट न ठेवता स्वतः पोर्टल उघडून नोटीस तिथे आहे का ते पाहा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

पासवर्ड ही अमानत आहे, तो मोबाइलच्या कव्हरमागे चिकटवून ठेवण्याची वस्तू नव्हे. दुहेरी पडताळणी सुरू करा आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजही आपलाच आहे ना, ते तपासा. सिम बंद पडले की तो नंबर कालांतराने दुसऱ्याला दिला जातो, आणि पेटी परत मिळवण्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. नोकर किंवा भागीदार सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. ज्यांचा धंदा एकट्याच्या हातावर आहे त्यांनी घरच्यांचाही विचार करावा. मालकाच्या पश्चात कोणाकडे किती येणे आहे ते मेलमध्येच अडकून पडते. गुगलच्या खात्यात यासाठी एक सोय आहे. तीन ते अठरा महिने खाते वापरले गेले नाही तर त्यातील टपाल कोणाला मिळावे, ते नाव आधीच देऊन ठेवता येते. तिथे मुलाचे, मुलीचे किंवा पत्नीचे नाव आणि मोबाइल नंबर घालायला पाच मिनिटे लागतात. दोन वर्षे न उघडलेली खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे, तेव्हा ही मुदत त्याच्या आत बसेल अशीच ठेवावी.